नेट गेलंय, की दुसरा कॉम्प्युटर दिसत नाही? दोन कॉम्प्युटर असलेल्या घरासाठी माहितीपत्रक

आम्हाला येणारे बरेच फोन एकाच वाक्याने सुरू होतात: "नेटवर्क चालत नाहीये." या वाक्यात दोन वेगळी दुखणी दडलेली असतात. पहिलं, कॉम्प्युटरवर इंटरनेटच येत नाही. दुसरं, इंटरनेट व्यवस्थित आहे, पण एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावरचं फोल्डर किंवा त्याला जोडलेला प्रिंटर उघडत नाही. पहिल्याचं औषध दुसऱ्याला दिलं की संध्याकाळ जाते, बिघाड तिथेच राहतो आणि धड चालणारं एखादं सेटिंगही हातासरशी बिघडतं. म्हणून आधी दुखणं कोणतं ते ठरवा.

एका गोष्टीला मात्र अजिबात हात लावू नका: राउटरच्या मागचं, टाचणीने दाबायचं बारीक भोक. ते दाबून धरलं की राउटर कोरा होतो. वाय-फायचं नाव, पासवर्ड आणि इंटरनेट कंपनीने भरून दिलेलं युजरनेम, सगळं पुसलं जातं. 'राउटर रिस्टार्ट करा' याचा अर्थ बटण बंद करून पुन्हा चालू करणं, एवढाच.

एकावर की दोन्हींवर?

नेट नसेल तर हा पहिला प्रश्न. मोबाइलही तपासून घ्या, पण त्याचा डेटा बंद करून, नाहीतर तो सिमकार्डावर चालत राहील आणि तुमची फसगत होईल.

सगळीकडेच नेट नसेल तर बिघाड राउटरमध्ये किंवा बाहेरून येणाऱ्या लाइनमध्ये आहे. फायबरचं कनेक्शन असेल तर भिंतीजवळच्या डब्यावर 'एलओएस' नावाचा दिवा असतो. तो लाल पेटला किंवा लुकलुकला तर डब्यापर्यंत प्रकाशच पोहोचत नाहीये. डब्यामागची बारीक वायर कपाटामागे मुडपली नाहीये ना, तेवढं बघा. फायबरच्या आत काचेचा तंतू असतो, घट्ट वळण त्याला सोसत नाही. वायर सरळ असेल तर थेट इंटरनेट कंपनीला कळवा. कॉम्प्युटरवर काही करून उपयोग नाही. लाल दिवा नसेल तर डबा आणि राउटर दोन्ही बंद करा, अर्धा मिनिट थांबा, आधी डबा चालू करा, त्याचे दिवे स्थिरावले की मग राउटर.

एकाच कॉम्प्युटरवर नेट नसेल तर राउटरला उगाच दोष देऊ नका. केबलने जोडलेला कॉम्प्युटर असेल तर दोन्ही कॉम्प्युटरच्या केबल एकमेकांत बदलून बघा. बिघाड केबलबरोबर दुसरीकडे गेला तर केबल खराब. आहे तिथेच राहिला तर कॉम्प्युटर. या अदलाबदलीला दोन मिनिटं लागतात आणि तिच्याइतकी खरं बोलणारी दुसरी चाचणी आम्हाला माहीत नाही.

केबलबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण ती फसवते. आत आठ तारा म्हणजे चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसच्या जोडणीला त्यातल्या दोनच जोड्या लागतात, १,००० ला चारही. त्यामुळे उरलेल्या दोनपैकी एखादी जोडी तुटली तरी केबल मरत नाही, लंगडते: नेट चालतं, पण १०० च्या वर जात नाही. भरपूर वेगाचा प्लॅन घेतलाय, वाय-फायवर वेग मिळतोय आणि वायरवर मात्र तो ९० ते ९५ वर अडकतोय, अशी तक्रार असेल तर आम्ही आधी केबल बदलतो. पिनची कडी तुटून ती पोर्टमध्ये सैल बसली असेल तर नेट येत-जात राहतं.

कॉम्प्युटरचा पत्ता काय म्हणतो

आता विंडोजमधली काळी खिडकी उघडा. स्टार्टमध्ये 'सीएमडी' (cmd) लिहून एंटर दाबा, मग 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) हा शब्द रोमन लिपीत, सगळी अक्षरं जोडून लिहा आणि पुन्हा एंटर दाबा. बरीच जंत्री येईल. त्यातल्या दोनच ओळी बघायच्या. 'आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस' हा तुमच्या कॉम्प्युटरचा पत्ता आणि 'डिफॉल्ट गेटवे' हा राउटरचा.

पत्ता १९२.१६८ किंवा १० ने सुरू होत असेल तर बहुतेक वेळा ठीक. पण तो १६९.२५४ ने सुरू झाला तर समजा की कॉम्प्युटरने राउटरकडे पत्ता मागितला, उत्तर आलं नाही, म्हणून विंडोजने स्वतःच एक काढून घेतला. अशा पत्त्यावर इंटरनेट मिळत नाही. केबल, वाय-फायची जोडणी किंवा राउटर, या तिघांपैकी कुणीतरी गुन्हेगार आहे.

पत्ता बरोबर असेल तर पिंग करा, म्हणजे दुसऱ्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का ते बघा. त्याच खिडकीत 'पिंग' (ping) लिहून, जागा सोडून, राउटरचा पत्ता टाका आणि एंटर दाबा. उत्तर आलं म्हणजे घरातला रस्ता मोकळा आहे. मग ८.८.८.८ ला पिंग करा. हा गूगलच्या डीएनएस सेवेचा पत्ता आहे. उत्तर आलं तर बाहेरचा रस्ताही मोकळा. शेवटी ओळखीच्या एखाद्या साइटचं नाव टाका. आकड्यांना उत्तर येतं आणि नावाला 'सापडलं नाही' म्हणतो, असं झालं तर नेट गेलेलंच नाही, नावावरून पत्ता शोधून देणारी डीएनएस सेवा रुसली आहे. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये डीएनएस 'ऑटोमॅटिक'वर ठेवून बघा, नाहीतर तिथे ८.८.८.८ भरा.

पिंग सगळीकडे पोहोचतो, तरी ब्राउझरमध्ये प्रत्येक साइट 'सुरक्षित नाही' म्हणून ओरडते? घड्याळाकडे बघा. जुन्या कॉम्प्युटरची आतली बॅटरी संपली की तारीख काही वर्षं मागे जाते आणि ब्राउझर साइटची प्रमाणपत्रं नाकारतो.

एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्याला नेट देताना

राउटर एकच आणि दोन्ही कॉम्प्युटर त्याला जोडलेले, ही सोय सगळ्यात निर्धोक. तरी काही घरांत एका कॉम्प्युटरला डोंगल किंवा वाय-फायवरून नेट मिळतं आणि तिथून केबलने दुसऱ्याला दिलं जातं. विंडोजमध्ये ही सोय १९९९ च्या विंडोज ९८ सेकंड एडिशनपासून आहे. ती चालते, पण तिचे लाड करावे लागतात.

नेहमीची चूक म्हणजे खूण चुकीच्या जागी करणं. 'शेअरिंग'च्या पानावरची खूण नेट ज्या जोडणीतून आत येतं तिच्यावर करायची, दुसऱ्या कॉम्प्युटरकडे जाणाऱ्या केबलवर नाही. खूण बरोबर झाली की विंडोज ७ पासून पुढच्या आवृत्त्यांत नेट देणारा कॉम्प्युटर त्या केबलवर १९२.१६८.१३७.१ हा पत्ता घेतो. घेणाऱ्याचा पत्ता 'ऑटोमॅटिक'वर ठेवा, त्याला १९२.१६८.१३७ ने सुरू होणारा पत्ता आपोआप मिळेल. पूर्वी कुणी हाताने पत्ता भरून ठेवला असेल तर तो काढून टाका. 

देणारा कॉम्प्युटर झोपला की घेणाऱ्याचं नेट गेलं, हे उघड आहे. त्याची स्लीप बंद ठेवा. कमी उघड आहे ते असं: विंडोज १० मध्ये चार मिनिटं काही देवाणघेवाण झाली नाही तर शेअरिंगची सेवा स्वतःहून बंद पडते आणि कॉम्प्युटर रिस्टार्ट केल्यावरही ती नेहमी उठत नाही. काल चालत होतं, आज खूण तशीच आहे आणि तरी नेट नाही, असं झालं तर खूण काढा, 'ओके' करा आणि पुन्हा खूण करा. हे रोजचंच होऊन बसलं असेल तर आम्हाला सांगा, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत, एक कायमची दुरुस्ती करता येते. ती घरी करू नका.

नेट आहे, पण दुसरा कॉम्प्युटर दिसत नाही

हे दुसरं दुखणं. इथे राउटर रिस्टार्ट करून फारसं काही साधत नाही.

दोघांचे पत्ते शेजारी शेजारी लिहून काढा. समजा एकाचा १९२.१६८.१.५ आणि दुसऱ्याचा १९२.१६८.०.७ आहे. शेवटचा आकडा वेगळा असायलाच हवा, पण आधीचे तीन जुळत नाहीत. साध्या घरात याचा अर्थ दोघं वेगवेगळ्या नेटवर्कमध्ये आहेत. रेंज वाढावी म्हणून दुसरा राउटर आणला आणि पहिल्याची केबल त्याच्या 'वॅन' भोकात घातली की हेच होतं. नेट दोन्हीकडे येतं, म्हणून संशय कुणालाच येत नाही. दुसऱ्या राउटरला 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड'वर टाका. तो मोड नसेल तर त्याचा पत्ता पहिल्यापेक्षा वेगळा करा, त्याची पत्ते वाटण्याची सेवा म्हणजे डीएचसीपी बंद करा आणि केबल 'लॅन' भोकात घाला.

पत्ते जुळतात तरी दिसत नाही? एखादा कॉम्प्युटर 'गेस्ट' वाय-फायवर असेल. पाहुण्यांच्या वाय-फायचं कामच मुळी घरातल्या यंत्रांपासून त्यांना लांब ठेवणं हे आहे. तेही नसेल तर दोन्ही कॉम्प्युटरवर नेटवर्क 'प्रायव्हेट' आहे का ते बघा. 'पब्लिक' असेल तर विंडोज दार लावून बसतं. बाहेरून विकत घेतलेला अँटिव्हायरस किंवा चालू राहिलेला व्हीपीएनही दार लावतो.

'नेटवर्क'च्या यादीत नाव दिसत नाही म्हणून निराश होऊ नका, ती यादी मुळातच लहरी आहे. फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन दुसऱ्याचा आयपी पत्ता लिहा. फोल्डर उघडलं तर शेअरिंग ठीक आहे, यादी विसरा.

मग पासवर्डचा प्रश्न येतो आणि इथे भलेभले अडतात. दुसरा कॉम्प्युटर मागतो तो त्याच्यावरच्या खात्याचा पासवर्ड. रोज टाकता ती चार आकडी पिन नव्हे, तुमच्या कॉम्प्युटरचा पासवर्डही नव्हे. त्या खात्याला पासवर्डच ठेवलेला नसेल तर विंडोज नेटवर्कवरून आत सोडत नाही. पासवर्ड ठेवा, अडचण सुटेल.

एकाने नेट लावलं की दुसऱ्याचं रखडतं

प्लॅन मोठा घेण्याआधी बघा, एका कॉम्प्युटरवरून फोटो किंवा बॅकअप वर चढतोय का. अपलोडचा रस्ता भरला की डाउनलोडही रखडतं, कारण आलेल्या माहितीची पोच परत पाठवायलाही तोच रस्ता लागतो. बॅकअपला वेगाची मर्यादा घाला किंवा तो रात्री लावा. आणि १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर फाइल सेकंदाला १२ एमबीने उतरत असेल तर तक्रार करू नका. प्लॅनचा वेग बिटांत मोजतात, फाइल बाइटांत, आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. हिशेब बरोबर आहे.

आम्हाला फोन करण्यापूर्वी

दोन्ही कॉम्प्युटरचे आयपी पत्ते, डब्यावर आणि राउटरवर कोणते दिवे कोणत्या रंगाचे आहेत ते आणि बिघाड सुरू होण्याच्या आदल्या दिवशी काय बदललं होतं, एवढं कागदावर लिहून ठेवा. "काहीच बदललं नाही" असं सांगण्याआधी घरातल्या सगळ्यांना एकदा विचारा. स्क्रीनवरच्या सूचनेचा मोबाइलने फोटो काढलात तर तोही ठेवा. आणि ते बारीक भोक कुणी दाबून झालं असेल तर तेही मोकळेपणाने सांगा. आम्ही रागावत नाही, फक्त मग सुरुवात दुसरीकडून करावी लागते.