युरियात खडा कुठे धरतो?

उसाच्या भरणीच्या दिवसांत खानापूर-निपाणी भागात पीकेपीएसच्या (गावच्या शेती पतपुरवठा सहकारी संघाच्या) दारात हमखास कानावर येतं, 'पोत्यात दगड झालाय, भेसळच असणार!' आयात मालातला हा दगड पुष्कळदा घाटाखाली, बंदरावरच धरायला लागलेला असतो.

युरिया हवेतलं पाणी ओढतो, पण सदासर्वकाळ नाही. 30 अंश सेल्सिअसला हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण 73 ते 75 टक्क्यांवर गेली की दाण्याच्या अंगावर पाण्याची साय धरते आणि वरचा थर तिच्यात विरघळतो. ऊन पडलं की पाणी उडतं. मात्र दोन दाणे जिथे टेकलेले असतात, त्या चिमटीत ते केशाकर्षणाने शेवटपर्यंत टिकतं, आणि विरघळलेला युरिया तिथेच स्फटिक होऊन बसतो. रात्री ओल, दुपारी ऊन, असं चार-पाच दिवस चाललं आणि वरून थप्पीचं ओझं असलं की ढेप तयार.

पोटॅशसाठी आर्द्रतेची हीच मर्यादा 84 टक्के, म्हणून ते सोशिक. पण दोन्ही मिसळून ठेवले तर मर्यादा 60 वर घसरते, कारण दोन क्षारांच्या संपृक्त द्रावणाचा बाष्पदाब एकेकट्याच्या द्रावणापेक्षा कमी असतो, म्हणजे कमी दमट हवेतूनही ते पाणी ओढतं. म्हणून मिसळायचं ते टाकायच्या दिवशीच.

जहाजातून सुटा माल ग्रॅबने (क्रेनच्या पंजाने) हॉपरमध्ये (नरसाळ्यासारख्या टाकीत), तिथून डंपरने गोदामात जातो. पावसाची सर आली की हॅच (जहाजाच्या कोठाराचं झाकण) तात्काळ बंद. थंड मुलखात भरलेला माल उबदार समुद्रात आला असताना कोठाराच्या हवेच्या झडपा उघडल्या, तर दमट वाऱ्याचं गार मालावर दव पडतं. बाहेरची हवा मालापेक्षा निदान 3 अंश गार असेल तरच वारा खेळवायचा, हा जहाजावरचा ठोकताळा.

इकडे पावसाळ्यात पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवावीत. फोडलेलं पोतं लगेच बांधावं.

'पाण्यात टाकून गार लागलं म्हणजे अस्सल' हा व्हॉट्सअॅपवरचा सल्ला अर्धवट आहे. पोटॅश, नवसागरही पाणी गार करतात. त्यापेक्षा चिमूटभर तव्यावर टाका. युरिया 133 अंशांच्या आसपास वितळून पाण्यासारखा होतो, मीठ तसंच बसून राहतं.

खडा फोडून, चाळून घेतला तर नत्र वाया जात नाही. तसाच सरीत पडला तर एक बुडखा जळतो, शेजारचा उपाशी राहतो.