हिमालयावरचे समुद्री अवशेष आणि जलप्रलय

‘हिमालयात समुद्री जीवांचे अवशेष सापडतात, म्हणजे मनूच्या कथेतील प्रलयाने एकेकाळी सारी पृथ्वी बुडाली होती,’ हा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. अवशेष खरे आहेत. निष्कर्ष मात्र बरोबर नाही.

देवघरातला शाळिग्राम पाहा. नेपाळमधील काली गंडकीच्या पात्रातून येणाऱ्या या काळ्या गोट्याच्या पोटात जे वळणावळणाचे चक्र दिसते, तो अमोनाइट या समुद्री जीवाच्या कवचाचा ठसा असतो, आणि हे जाणल्याने पूजेतला भाव जराही उणा होत नाही. हे जीव सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी नामशेष झाले. तेव्हा माणूसच नव्हता. मुळात पाणी शिखरापर्यंत चढले नाही, तर समुद्राचा तळच वर आला, कारण भारतीय भूखंड सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडू लागला आणि मधल्या टेथिस समुद्रातील गाळाचे थर दुमडून उचलले गेले.

पडताळा थरांतूनच मिळतो. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा चुनखडक ४० कोटी वर्षांहून जुना आहे, तर शाळिग्रामांचे खडक सुमारे १५ कोटी वर्षांचे. एकाच पुराने हे घडणे शक्य नाही. पाण्याचा हिशेबही जुळत नाही: पृथ्वीवरील सारा बर्फ वितळला तरी समुद्र सुमारे ७० मीटरच चढेल.

मग अशा प्रलयकथा आल्या कुठून? नदीकाठच्या माणसांनी मोठे पूर खरोखर सोसले होते. इराकमधील ऊर आणि शुरुप्पाक या प्राचीन नगरांच्या उत्खननांत पुराच्या गाळाचे थर सापडले, पण ते वेगवेगळ्या काळातले आहेत.