उसण नेमकी काढली कुणी?

आमच्या आजोळी कुणाच्या पाठीत उसण भरली की शेजारच्या मावशींना बोलावणं जायचं. त्या पायाळू, म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आलेल्या. दुखणाऱ्याला पालथं निजवायचं, मावशींनी पाठीला तीनदा पाय लावायचा, मग चहा. आठवडा-पंधरवड्यात गडी पुन्हा मोटेवर. ‘मावशींचा गुण आला’ म्हणायचे सगळे. गुण यायचा हे खरंच होतं. तो पायाचा होता का, एवढाच प्रश्न.

सिडनीतल्या संशोधकांनी हाच प्रश्न पॅरासिटामॉलला विचारला. कंबर नुकतीच धरलेल्या सुमारे १,६५० जणांपैकी काहींना ती गोळी दिली, काहींना हुबेहूब तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. २०१४ साली निकाल छापून आला. औषध घेणाऱ्यांना बरं व्हायला साधारण १७ दिवस लागले, बिनऔषधाच्या गोळीला १६. बहुतेक पाठी आपल्या चालीनं बऱ्या होतात आणि त्या वेळी जो उपाय चालू असेल त्याच्या खात्यावर श्रेय जमा होतं. मावशी निदान फक्त चहावर भागवायच्या.

बरं होण्यात खोडा मात्र आपण घालू शकतो. ‘हलू नकोस, पडून राहा’ हा घराघरातला सल्ला १९९५ साली हेलसिंकीत तपासला गेला. कंबरदुखीच्या १८६ पालिका कर्मचाऱ्यांचे तीन गट केले. एकाला दोन दिवस अंथरुणात विश्रांती, दुसऱ्याला पाठीचे व्यायाम, तिसऱ्याला सांगितलं की झेपेल तशी रोजची कामं करा. सर्वांत लवकर सावरला तो तिसरा गट. कळ आली की स्नायू आवळून पाठीला जखडून ठेवतात. सुरुवातीला ते ठीक, पण भीतीनं तसंच लाकडासारखं वावरलं की ते आवळलेपणच दुखू लागतं. म्हणून शेक घ्यावा, दुखणं फार असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी, पण उठून घरात फिरत राहावं.

खरी भीती बसते ती एमआरआयच्या लिफाफ्यातून. ‘गादी सरकलीय’ हे शब्द ऐकून माणसाला वाटतं, साबणाच्या वडीसारखं काहीतरी निसटलंय. गादी वरच्या-खालच्या मणक्यांना घट्ट चिकटलेली असते, ती सरकत नाही. फार तर तिची कड फुगते किंवा फाटून आतला मऊ गर बाहेर येतो. तो शिरेला टेकला तर कळ थेट पायात उतरते. हा गर बऱ्याचदा शरीरच हळूहळू शोषून घेतं, मोठा तुकडा तर लहानापेक्षाही जास्त वेळा. आणि ‘मणक्यात गॅप आला’ म्हणतात ना, तिथे बहुधा उलटं झालेलं असतं. गादीतलं पाणी कमी होऊन मणक्यांमधली जागा घटलेली असते! वयाबरोबर केस पिकतात, तसंच हे. १९९४ साली अमेरिकेत, पाठ अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले. निम्म्याहून अधिक जणांत कुठे ना कुठे गादी फुगलेली निघाली. रिपोर्टात काही दिसलं म्हणजे दुखण्याचं मूळ सापडलं, असं नाही.

बरी झालेली पाठ पुन्हा धरते, हा त्रास उरतोच. त्यावर २०२४ साली ऑस्ट्रेलियातून आलेलं उत्तर अगदीच बिनखर्चाचं आहे: चालणं. ७०१ जणांच्या त्या अभ्यासात फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनानं चालणं वाढवत न्यायचं होतं, आठवड्यातून पाच दिवस, अर्ध्या तासापर्यंत. दुखणं परतायला चालणाऱ्यांना साधारण २०८ दिवस लागले, बाकीच्यांना ११२.

काही दुखणी मात्र वेगळ्या जातीची. ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारी कळ असेल तर आपल्याकडे मणक्याचा क्षयही तपासावा लागतो. पूर्वी कर्करोग झालेला असेल किंवा पडल्या-आपटल्यानंतर दुखू लागलं असेल, तरी थांबू नये. आणि पायातली ताकद जाऊ लागली, बसायची जागा बधिर झाली, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर शेक नको, चालणं नको, मावशीही नकोत. रात्रीचे दोन वाजले असले तरी गाडी काढून मोठं हॉस्पिटल गाठायचं.