घट्टे पडलेली बोटं आणि फोनची काच

‘टच बिघडलाय, बघा जरा,’ म्हणत निफाड-पिंपळगावकडचा एखादा द्राक्षबागायतदार नाशिकच्या एम. जी. रोडवरच्या दुकानात येतो. दुकानातला पोरगा स्क्रीनवर बोट फिरवतो, तर टच एकदम झकास! बिघाड फोनमध्ये नसतोच.

काचेखाली इंडियम टिन ऑक्साइडसारख्या पारदर्शक वाहकाची उभी-आडवी जाळी असते. तिच्यावर किंचित विद्युतभार खेळवलेला असतो. आपलं शरीर वीजवाहक, त्यामुळे बोट जवळ आलं की थोडा भार तिकडे वळतो आणि फोनमधली चिप तेवढा फरक टिपते. दाबाचा इथे संबंध नाही. जोर लावल्यानं बोट जरा पसरतं, इतकाच काय तो फायदा.

वर्षानुवर्षं छाटणीची कात्री धरून पडलेला घट्टा म्हणजे कोरड्या, मृत पेशींचा थर. तो वीज नीट वाहू देत नाही. त्यात दुकानदारानं जाड टेम्पर्ड ग्लास चिकटवलेली. चिपपर्यंत पोचणारा फरक इतका क्षीण होतो की ती त्याला स्पर्श मानतच नाही. घडांचं डिपिंग, म्हणजे द्राक्षाचे घड जीएच्या (जिबरेलिक ॲसिड या संजीवकाच्या) पाण्यात बुडवणं, चालू असताना उलटी तऱ्हा. त्या पाण्याचे थेंब काचेवर पडले की तेही वाहक, मग भलत्यालाच फोन लागतो.

अनेक अँड्रॉइड फोनमध्ये ‘टच सेन्सिटिव्हिटी’ किंवा ‘ग्लोव्ह मोड’ असतो. तो चालू केला की बारीकसा फरकही धरला जातो. हात ओले असतील तेव्हा मात्र बंद ठेवलेला बरा.

‘व्हॉट्सॲप उडालं’ ही तक्रार वेगळी, ती वेळेची. बोट साधारण अर्धा सेकंद टेकून राहिलं की फोन त्याला ‘लाँग प्रेस’ समजतो. आयकॉन सुटतो, हात सरकला की भलतीकडे जातो, कधी होम स्क्रीनवरून काढलाही जातो. ॲप बहुतेक वेळा फोनमध्येच असतं, पण ते सांगणार कोण? ‘ॲक्सेसिबिलिटी’त ‘टच अँड होल्ड डिले’ लाँग केला की ही मुदत दीड सेकंदापर्यंत जाते. इतकी रोजच्या गरजेची सोय कंपन्यांनी अपंगांसाठीच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कप्प्यात टाकली, हे मला पटत नाही. तिकडे कोण फिरकतो?

चष्म्याचा नंबर वाढला की घरातली मुलं फॉन्ट मोठा करून देतात. त्यानं अक्षरं वाढतात, बटणं बहुधा तेवढीच राहतात. अँड्रॉइडवर बटण निदान ९ मिलिमीटरच्या आसपास असावं, असं गुगल ॲप बनवणाऱ्यांना सांगतं. सगळे कुठे पाळतात! अशा वेळी फॉन्टच्या शेजारचा ‘डिस्प्ले साइज’ वाढवायचा. मग स्क्रीनवर मजकूर कमी मावतो, पण बोट नेमकं बटणावर पडतं.