पिशवीचा टीबी आणि दोन बाटल्या

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात लेकी माहेरी येतात. झोके होतात, गाणी होतात, आणि संध्याकाळी ओट्यावर कुणीतरी हळूच विचारतं, "यंदा तरी दिवस गेले का?" लग्नाला सहा-सात वर्षं झालेली लेक विषय बदलते. तिच्या पिशवीत जळगावच्या किंवा धुळ्याच्या दवाखान्याची फाइल असते आणि फाइलमध्ये संशय लिहिलेला असतो: गर्भाशयाचा टीबी. बायकांच्या भाषेत पिशवीचा टीबी. खोकला नाही, ताप नाही, पाळी फक्त कमी झालेली, मग टीबी कसला? सासरचा हा प्रश्न तसा वेडगळ नाही. दीडशे वर्षं डॉक्टरही याच प्रश्नाभोवती फिरत आले आहेत.

या आजाराची जुनी नोंद मॉर्गान्यी या इटालियन वैद्याची, १७४४ ची. क्षयाने गेलेल्या विशीतल्या मुलीचं शवविच्छेदन करताना गर्भाशय आणि बीजनळ्या दह्यासारख्या घट्ट पदार्थाने भरलेल्या दिसल्या. म्हणजे निदान झालं ते मेल्यावर. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी जंतू दाखवला, पाठोपाठ तो रंगवून पाहण्याची पद्धत आली. थुंकीत ती चालते, कारण तिथे जंतू भरपूर. गर्भाशयात ते अगदी मोजके. फुप्फुसातून रक्तावाटे आलेला जंतू आधी नळ्यांत घर करतो, अस्तरात नंतर उतरतो, आणि ते अस्तर दर महिन्याला पाळीबरोबर गळून जातं. पुरावाच वाहून जातो म्हणा ना! म्हणून तपासणीसाठी अस्तराचा तुकडा पाळीच्या तोंडावर घ्यायचा, हा जुना नियम अजून टिकून आहे.

जंतू वाढवून पाहायचा तर लोवेनस्टाइन-जेन्सन माध्यमावर सहा-आठ आठवडे जात. तोवर ती बाई शहाद्याला किंवा रावेरला परत गेलेली, कापूस वेचायला लागलेली.

१९८३ मध्ये कॅरी मुलिस यांना पीसीआरची कल्पना सुचली: जनुकाचा एक तुकडा घ्यायचा आणि त्याच्या लाखो प्रती काढायच्या. मोजक्या जंतूंवर हा उपाय अचूक वाटला. नव्वदीनंतर खासगी लॅबमधून रिपोर्ट येऊ लागले आणि गाडी दुसऱ्या टोकाला गेली. मेलेल्या जंतूचं जनुकही पीसीआर पकडतं, लॅबमध्ये नमुन्यांची सरमिसळ झाली तरी पॉझिटिव्ह येतं. उलट आयएस ६११० हा नेहमी शोधला जाणारा तुकडा भारतातल्या काही जंतूंत नसतोच, तिथे आजार असून निगेटिव्ह. नुसत्या पीसीआरच्या कागदावर सहा महिन्यांची औषधं सुरू होणं मला तरी पटत नाही. रक्तावरच्या अँटिबॉडी चाचण्या तर याहून वाईट. त्यांवर सरकारने २०१२ मध्ये बंदीच घातली.

डिसेंबर २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जीनएक्स्पर्ट या पीसीआरवरच चालणाऱ्या यंत्राला मान्यता दिली. आपल्या सरकारी दवाखान्यांत त्याला सीबीनॅट म्हणतात. बंद कार्ट्रिज, दोन तासांत उत्तर, रिफॅम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल का तेही कळतं. सरमिसळीची भीती बरीच कमी झाली. पण एका मिलिलिटरमध्ये शंभर-सव्वाशे जंतू असले तरच ते पकडतं. २०१७ ची अल्ट्रा आवृत्ती पंधरा-सोळांवर पकडते. तरीही, पॉझिटिव्ह आलं तर विश्वास ठेवावा, निगेटिव्ह आलं तर आजार नाही असं म्हणू नये. मग सूक्ष्मदर्शकाखाली क्षयाच्या गाठी, दुर्बिणीतून नळ्या, असं सगळं जुळवून पाहावं लागतं.

आणि हे सगळं अडतं ते एका बाटलीपाशी. तुकडा काढला की सवयीने तो फॉर्मेलिनमध्ये टाकला जातो. पॅथॉलॉजीला तो तसाच लागतो, पण फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतो, कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहणं, होत नाही, सीबीनॅटलाही तो नमुना चालत नाही. अर्धा तुकडा साध्या सलाइनच्या दुसऱ्या बाटलीत हवा. ती बाटली भरली गेली नाही तर पुढची पाळी येईपर्यंत थांबायचं आणि पुन्हा भूल घ्यायची.

बॅटरीवर चालणारं, गोव्यात बनलेलं ट्रूनॅट हे असंच तपासणी यंत्र २०२० पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीत आहे. वीज बेभरवशाची असलेल्या सातपुड्यातल्या गावांसाठी ते सोयीचं. थुंकीची डबी गावात भरता येते; पिशवीतला तुकडा काढायला मात्र स्त्रीरोगतज्ज्ञ लागतो, म्हणून धडगावच्या बाईला अजून नंदुरबारची एसटी धरावी लागते.