हैतीचं प्रकरण वेगळं, एफसीआरएचं वेगळं

यवतमाळ-वर्धा पट्ट्यात संस्थावाल्यांच्या बैठकीत ऑक्सफॅम या आंतरराष्ट्रीय मदत संस्थेचं नाव निघालं की कोणीतरी हमखास म्हणतं, "थेच ना भाऊ, हैतीत पैसे खाल्ले म्हून सरकारनं बंद केले." या एका वाक्यात तीन चुका आहेत. हैती या कॅरिबियन देशातलं प्रकरण पैसे खाल्ल्याचं नव्हतं, कर्मचाऱ्यांच्या लैंगिक गैरवर्तनाचं होतं. भारत सरकारच्या कारवाईचा हैतीशी संबंध नव्हता. आणि हैतीत अडकलेली संस्था भारतातली नव्हतीच. गावातला कास्तकार असं बोलला तर मला राग येत नाही, त्याला कोणी नीट सांगितलेलंच नाही. पण समाजकार्याची पदवी घेतलेले, चार-चार तालुक्यांत प्रकल्प चालवणारे लोकही हेच बोलतात आणि प्रशिक्षणाला आलेल्या पोरींना हेच शिकवतात. नुकसान त्या पोरींचं होतं, म्हणून लिहिते आहे.

एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांवरचा केंद्राचा कायदा. त्याची बाजू बहुतेकांना पाठ आहे, तेव्हा ती भराभर सांगते. परदेशी देणगी घ्यायची तर केंद्रीय गृहमंत्रालयाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. सप्टेंबर २०२० मध्ये कायदा कडक झाला. पैसा आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरला पाहिजे, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, आणि एका संस्थेने आपल्याला मिळालेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देणं बंद झालं. ही शेवटची अट आपल्याकडे फार लागली. घाटंजी, झरी, केळापूरसारख्या तालुक्यांतल्या लहान संस्थांना परदेशी पैसा थेट कधी येत नाही, आधी तो वरच्या मोठ्या संस्थेमार्फतच यायचा. ऑक्सफॅम इंडियाचं नूतनीकरण २०२१ च्या डिसेंबरात नाकारलं गेलं. एप्रिल २०२३ मध्ये सीबीआयने गुन्हा नोंदवला. दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आल्यानंतरही पैसा इतरांकडे वळवला आणि काही रक्कम ठरलेल्या खात्याऐवजी दुसऱ्याच खात्यात घेतली, असा आरोप होता. आपण कायदा पाळला असं संस्थेचं म्हणणं. पैसा कुठून आला, कोणत्या खात्यात उतरला, पुढे कोणाकडे गेला, एवढाच हा वाद आहे. कोण्या बाईची, कोण्या मुलीची तक्रार त्यात नाही.

जाता जाता एक सांगते. एफसीआरएची नोंदणी गेली म्हणजे संस्था बुडाली असं होत नाही. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी वेगळी, आयकर सवलतीची नोंदणी वेगळी. परदेशी पैसा थांबतो, देशातली देणगी घेता येते. सरसकट "ब्लॅकलिस्ट झाली" म्हणायची सवय सोडा. प्रकल्प बंद पडून पगार थांबलेल्या कार्यकर्तीला गावात चोर ठरवायला तेवढा एक शब्द पुरतो.

संस्था वेगळ्या कशा, तेही थोडक्यात. ऑक्सफॅमची सुरुवात १९४२ साली इंग्लंडातल्या ऑक्सफर्डमध्ये झाली, नाझींच्या ताब्यातल्या ग्रीसमधल्या उपाशी लोकांसाठी. आज तो एक महासंघ आहे. ऑक्सफॅम जीबी ब्रिटनची, ऑक्सफॅम इंडिया भारताची. प्रत्येकीची नोंदणी, मंडळ आणि हिशेब आपापल्या देशाच्या कायद्याखाली. हैती सरकारने जून २०१८ मध्ये संतापून ऑक्सफॅमची परवानगी काढून घेतली, तेव्हा ती फक्त ऑक्सफॅम जीबीची काढली. स्पेन, इटली आणि क्वेबेकच्या ऑक्सफॅम तिथे काम करत राहिल्या. ज्यांच्या देशात हे घडलं त्यांनी हा फरक पाळला, आणि आपण इथे बसून तो पुसतो.

आता हैती. १२ जानेवारी २०१० ला तिथे भीषण भूकंप झाला, राजधानी पोर्त-ओ-प्रॅन्स जमीनदोस्त झाली. जगभरातून मदत गेली, ऑक्सफॅम जीबीही गेली. २०११ मध्ये तिथल्या कर्मचाऱ्यांबद्दल तक्रारी आल्या आणि संस्थेने अंतर्गत चौकशी केली. पैसे देऊन बायका आणणं, धाकदपटशा, त्रास देणं असे आरोप होते. चौघांना काढलं. तिघांना राजीनामा देऊन जाऊ दिलं, त्यांत हैतीतला प्रमुख होता. संस्थेने भाड्याने घेऊन दिलेल्या घरात आपण पैसे देऊन बायका आणल्या, असं त्याने मान्य केल्याची नोंद चौकशीच्या अहवालात आहे. पुढे २०१८ मध्ये त्याने ते नाकारलं.

ब्रिटनच्या चॅरिटी कमिशनला, म्हणजे तिथल्या नियामकाला, संस्थेने २०११ मध्येच कळवलं होतं, हेही लक्षात घ्या. पण जे कळवलं ते अर्धं होतं. लैंगिक गैरवर्तन आणि धाकदपटशा झाला एवढं सांगितलं. मदत घेणाऱ्यांच्या शोषणाचा आरोप नाही असं कळवलं, आणि त्यात अल्पवयीन मुली असल्याचा संशय आहे, हे सांगितलं नाही. आणि तो प्रमुख पुढे बांगलादेशात दुसऱ्या मोठ्या मदत संस्थेत नोकरीला लागला. आम्ही आधी ऑक्सफॅमकडे चौकशी केली होती, आम्हाला कोणी सावध केलं नाही, असं त्या संस्थेने नंतर सांगितलं.

९ फेब्रुवारी २०१८ ला लंडनच्या 'द टाइम्स'ने हे छापलं. तीनच दिवसांनी उपमुख्याधिकारी पेनी लॉरेन्स यांनी जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. हैतीच्या वेळी त्या कार्यक्रम संचालक होत्या. त्याच सुमारास हेलन इव्हान्स पुढे आल्या. लोकांना लैंगिक छळापासून जपण्याची संस्थेतली व्यवस्था त्यांनी सांभाळली होती, आणि तक्रारी वाढत असताना आपण माणसं आणि साधनं मागत राहिलो, ती मिळाली नाहीत, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. मुख्याधिकारी मार्क गोल्डरिंग वर्षअखेरीस गेले. ते पदावर आले होते २०१३ मध्ये, म्हणजे हैतीनंतर. त्यांच्या आधीच्या प्रमुख बार्बरा स्टॉकिंग यांच्या काळात हे घडलं होतं. आपल्याकडे "तवा मी नव्हतो" म्हणून अध्यक्ष मोकळे होतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. दहा दिवसांत सुमारे ७,००० नियमित देणगीदारांनी देणगी थांबवल्याचं गोल्डरिंग यांनी ब्रिटिश खासदारांपुढे सांगितलं. ब्रिटन सरकारच्या नव्या निधीसाठी अर्ज न करण्याचं संस्थेला मान्य करावं लागलं. २०२१ मध्ये तो मार्ग पुन्हा खुला होत होता, तर काँगोतल्या कर्मचाऱ्यांवरच्या आरोपांमुळे परत बंद झाला. जून २०१९ मध्ये चॅरिटी कमिशनचा अहवाल आला, सोबत अधिकृत ताकीद. अल्पवयीन मुलींबद्दलच्या तक्रारीचा पाठपुरावा व्हायला हवा होता तेवढा केला नाही, वाईट वागणूक खपवून घेतली, आणि माहिती देताना संस्थेचं नाव आणि देणगीदारांशी असलेले संबंध सांभाळण्याकडे कल राहिला, असं त्यात म्हटलं आहे.

यातून एक क्रम दिसतो. वागणुकीमुळे विश्वास गेला आणि विश्वास गेल्यामुळे पैसा गेला. पैसा थांबणं हा इथे परिणाम आहे. ऑक्सफॅम इंडियाच्या बाबतीत पैशाची वाट हाच आरोप होता. पैसा दोन्हीकडे थांबला, म्हणून लोक दोन्हींना "फंडाचा घोळ" म्हणतात.

खरी अडचण इथे आहे आणि ती मोठी आहे. चांगली संस्था कशी ओळखायची, याची आपली एकच फूटपट्टी आहे: हिशेब. मस्टर बरोबर, व्हाउचर जागच्या जागी, बैठकीचे फोटो तारखेसह, ऑडिट वेळेवर, म्हणजे संस्था चोख. धर्मादाय कार्यालय हिशेब मागतं, निधी देणारा विनियोग प्रमाणपत्र मागतो, गावसुद्धा "पैसे खाल्ले का नाही" एवढंच विचारतं. हैतीतल्या त्या घराच्या भाड्याची पावती तपासणाऱ्याला ती बरोबरच वाटली असती. घर भाड्याने घेतलेलं, रक्कम खरी, सही खरी. त्या घरात रात्री कोणाला आणलं जातं हे पावतीवर लिहिलेलं नसतं. लेखापरीक्षक कितीही प्रामाणिक असला तरी हे त्याला सापडणार नाही, कारण तो ते शोधायला बसलेलाच नसतो.

आपल्या भागात मदत वाटणाऱ्याची सत्ता कशी चालते ते पाहा. पऱ्हाटीचं पीक गेलं, नवऱ्याने विष घेतलं, सरकारी मदतीच्या प्रकरणावर 'अपात्र' शिक्का बसला. अशा बाईच्या दारात संस्थेचा माणूस येतो. शिलाई मशीन, दोन शेळ्या, पोराची फी, जे काही द्यायचं ते यादीतून जाणार, आणि यादीत कोणाचं नाव घालायचं ते तो ठरवणार. सासरचे तिला विचारत नाहीत, माहेर दूर आहे. तो रात्री फोन करतो, "यादी उद्या फायनल होऊन राह्यली, तालुक्याला एकटीच ये," म्हणतो. यात एक रुपयाची अफरातफर नाही. मशीन खरंच मिळतं, सही खरी असते, फोटोही निघतो. वर्षअखेरीला त्याच प्रकल्पाची यशोगाथा छापून येते. आणि उद्या तीच बाई बोलली तर पहिला प्रश्न येतो, "पण पैसे तर खाल्ले नाहीत ना त्याने?"

हैतीची गोष्ट पैसे खाल्ल्याची म्हणून शिकवू नका, हे मी म्हणते ते यासाठी. ती तशी शिकवली की ऐकणाऱ्या पोरीच्या डोक्यात बसतं की संस्थेचा गुन्हा म्हणजे पैशाचा गुन्हा. मग तिच्याशी जे होतं त्याला ती गुन्हा समजत नाही, साहेबांचा स्वभाव समजते. आणि तक्रार आली की संस्थाचालकही तेच करतात, जे ऑक्सफॅमसारख्या मोठ्यांनी केलं. माणसाला गुपचूप राजीनामा द्यायला लावतात, निरोप समारंभ करतात, अनुभवाचं प्रमाणपत्र देतात. तो पुढच्या महिन्यात शेजारच्या जिल्ह्यात समन्वयक म्हणून रुजू होतो. संस्थेचं नाव राहिलं, असं म्हणतात. पुढच्या गावातल्या बाया मात्र त्याच्या हवाली होतात, आणि त्यांना कोणी विचारलेलंही नसतं.

२०१८ नंतर निधी देणाऱ्यांनी सगळीकडे सेफगार्डिंग पॉलिसी, म्हणजे माणसांना छळापासून जपण्याचं लेखी धोरण, मागायला सुरुवात केली. मागणी योग्य होती. पण आपल्याकडे ती पॉलिसी इंग्रजीत येते, सगळ्यांच्या सह्या घेतल्या जातात आणि फाइल कपाटात जाते. कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, काम करणाऱ्या मुलीने त्यातलं एक वाक्य वाचलेलं नसतं. तक्रार पेटी अध्यक्षांच्या केबिनबाहेर असते, किल्ली अध्यक्षांकडे. अशा पेटीत कोणी चिठ्ठी टाकणार नाही. पॉलिसी मराठीत हवी, गावाच्या बैठकीत मोठ्याने वाचायला हवी, आणि तक्रार ऐकणारी व्यक्ती यादी ठरवणाऱ्यांपैकी नको. पन्नास पानं नसली तरी चालेल, या तीन गोष्टी असू द्या.

कायदा या बाबतीत लोकांना वाटतो त्यापेक्षा पुढे आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा फक्त नोकरदार बाईसाठी आहे असं बहुतेक जण धरून चालतात. कायद्यात कामाच्या ठिकाणाशी संबंधित पीडित महिलेची व्याख्या नोकरीत असलेली किंवा नसलेली, कोणत्याही वयाची, अशी आहे. आणि कर्मचारी कामानिमित्त जिथे जातो ती जागाही कामाचं ठिकाण धरली आहे. म्हणजे बचत गटाच्या बैठकीला आलेली बाई किंवा सर्वेक्षणात नाव घातलेली विधवा यांनाही तो लागू होऊ शकतो. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर संस्थेत अंतर्गत समिती हवीच. त्याहून लहान संस्था असेल, किंवा तक्रार खुद्द संस्थाचालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. ती कुठे बसते हे जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे विचारा. तालुक्याला तक्रार घेणारा नोडल अधिकारी नेमलेला असायला हवा, आणि त्याने ती सात दिवसांत समितीकडे पाठवायची असते. मुलगी १८ वर्षांखालची असेल तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा लागतो. तिथे संस्थेने आधी स्वतःच चौकशी करत बसायचंच नाही. माहिती मिळाली की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाही गुन्हा आहे.

२०१३ च्या कायद्याखालची तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत द्यायची. उशीर होण्याचं कारण समितीला पटलं तर आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत मिळते. आणि बाईला लिहिता येत नसेल तर तक्रार लिहून घ्यायला मदत करणं हे समितीचं काम आहे. त्यासाठी तिला कोणाच्या हातापाया पडायची गरज नाही.