इंजिनाचं वय कशावरून मोजायचं?

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर प्रीमियर पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे उरली नाही. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती आणि मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे. तिच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल दाबून धरण्याची ताकद, किती राहिलं होतं, हा प्रश्न त्या नियमात बसत नव्हता. इंजिन मात्र कॅलेंडर बघून झिजत नाही आणि गेल्या शंभर वर्षांत त्याच्या झिजण्याची कारणंही बदलत आली आहेत.

फोर्डच्या मॉडेल टी गाडीत ऑइल पंप नव्हता, फिल्टरही नव्हता. फिरणाऱ्या भागांनी उडवलेलं तेल जिथे पोचेल तेवढंच वंगण. १९२४ च्या क्रायस्लरमध्ये बदलता येणारा ऑइल फिल्टर आणि एअर फिल्टर आला. हवेतून आत गेलेली बारीक धूळ सिलिंडरची भिंत आणि पिस्टनभोवतीच्या रिंगा घासत राहते, म्हणून हा बदल मोठा होता. रिंगा झिजल्या की कॉम्प्रेशन गळतं, पिकअप जातो, तेल वर चढून जळतं आणि सायलेन्सरमधून निळा धूर येऊ लागतो. ‘गाडी ऑइल खाते’ म्हणतात ती हीच अवस्था.

पेट्रोलमध्ये शिसं मिसळायला १९२३ मध्ये सुरुवात झाली. त्याने इंजिनाचं नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठकठक) थांबलं, पण प्लगवर थर साचू लागले. ते साफ राहावेत म्हणून घातलेल्या ब्रोमीन-क्लोरीनच्या संयुगांतून आम्लं तयार होऊन इंजिन आणि सायलेन्सर आतून खराब होऊ लागले. भारतात १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागाच्या) नव्या गाड्यांसाठी शिसेविरहित पेट्रोल आलं आणि १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर लागू झालं. हवेसाठी घेतलेल्या या निर्णयाने प्लग आणि सायलेन्सरचंही आयुष्य वाढवलं.

दुसरा शत्रू कार्बोरेटरचा चोक. कार्बोरेटर हवेत पेट्रोल मिसळतो आणि चोक ही गाडी थंड असताना हवा अडवून ते मिश्रण दाट करणारी झडप. थंड इंजिनात जादा पेट्रोल जातं, ते न जळता सिलिंडरच्या भिंतीवरची तेलाची फिल्म धुऊन काढतं आणि खाली ऑइलमध्ये उतरून ते पातळ करतं. कुर्ल्यात बनलेल्या पद्मिनीचं १०८९ सीसी इंजिन मुळात फियाट ११०० चं, याच जमान्यातलं. त्याचं काम निघणं, म्हणजे इंजिन खोलून दुरुस्त करणं, गृहीतच असे: सिलिंडर आतून बोअर करून त्यात मोठा, ओव्हरसाइझ पिस्टन, क्रँक ग्राइंड करून नवी बेअरिंगं, हेडला (सिलिंडरवरच्या झाकणाला) व्हॉल्व्ह ग्राइंडिंग. चांगल्या मिस्त्रीच्या हातून निघालेलं इंजिन ताकदीत नव्याच्या जवळ येई. म्हणून जुन्या पद्मिनीच्या नोंदणीच्या सालावरून तिच्या इंजिनाची अवस्था कधीच कळत नसे.

२००० च्या आसपास फ्युएल इंजेक्शन सर्रास आलं आणि हे चित्र पालटलं. पेट्रोल मोजून मिळू लागलं, ऑइल सुधारलं, सिलिंडरचं होनिंग (आतल्या भिंतीचं बारीक घासकाम) अचूक झालं. आज नीट सांभाळलेलं पेट्रोल इंजिन लाखभर किलोमीटरनंतरही ताकद फारशी गमावत नाही, हे मी ठामपणे म्हणेन. ‘इंजिन थकलं’ वाटतं तेव्हा बहुधा दोष बाहेर असतो: प्लग, इंजेक्टर, तुंबलेला कन्व्हर्टर, घसरणारा क्लच.

मग देखभाल किती हवी? अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने १९९६ मध्ये न्यू यॉर्कच्या ७५ टॅक्सींवरची चाचणी प्रसिद्ध केली. प्रत्येक टॅक्सी ६०,००० मैल चालली. काहींचं ऑइल ३,००० मैलांवर बदललं, काहींचं ६,००० वर. इंजिनं उघडल्यावर झिजेत लक्षात येण्याजोगा फरक दिसला नाही. पण टॅक्सी दिवसभर गरम असते, आणि जास्त झीज थंड इंजिन सुरू होताना होते. रोज दोन किलोमीटर जाऊन थांबणाऱ्या घरच्या गाडीला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावणं चुकीचं ठरेल. तिच्या ऑइलमध्ये पाणी आणि पेट्रोल साचतं, ते उडून जाण्याइतकं इंजिन तापतच नाही. कमी किलोमीटरची गाडी म्हणजे तरुण इंजिन, हा सेकंडहँड बाजारातला समज त्यामुळेच फसवा आहे. कूलंटकडे दुर्लक्ष तर सगळ्यात महाग पडतं: इंजिन एकदा जास्त तापलं की ॲल्युमिनियमचं हेड वाकू शकतं, गॅस्केट उडतं.

नव्या तंत्राने नवी दुखणीही आणली. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये पडतं, हवा आत घेणारे इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत, त्यांवर कार्बन चढतो. बीएस-६ (भारत स्टेज उत्सर्जन मानकाचा सहावा टप्पा) डिझेल गाडीचा काजळी अडवणारा पार्टिक्युलेट फिल्टर शहरातल्या छोट्या फेऱ्यांत तुंबतो.

एक गोष्ट मात्र कितीही काळजी घेतली तरी बदलत नाही: गाडी ज्या उत्सर्जन मानकाची जन्मली, त्याच मानकाची राहते. उत्तम सांभाळलेली बीएस-२ गाडी जोमाने पळेल, पण बीएस-६ इतकी स्वच्छ होणार नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४-१५ मध्ये दिल्ली परिसरात डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांची मर्यादा घातली, ती सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम ठेवली. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने केवळ वयावरून सक्तीची कारवाई नको असं सांगितलं आणि डिसेंबरमध्ये ते संरक्षण बीएस-४ व त्यापुढच्या गाड्यांपुरतं ठेवलं. वर्षांऐवजी मानक बघणं मला जास्त न्याय्य वाटतं.